खिशातले दोन डेक

गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर 1980च्या दशकात रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांमधून जे संगीत घडलं, ते पुढे ‘गोवा ट्रान्स’ या नावाने युरोप, इस्रायल आणि जपानपर्यंत पोचलं. त्या पार्ट्यांतल्या यंत्रांबद्दल मात्र फारसं लिहिलं जात नाही. न्यूयॉर्क-लंडनचे डीजे तेव्हा विनाइलच्या तबकड्यांच्या जड पेट्या वाहत होते. गोव्यात ते परवडणारं नव्हतं. एवढं वजन विमानाने आणायचं, आणि आणल्यावर उन्हाने तबकडी वाकणार, खाचांत वाळू शिरणार. म्हणून लॉराँ नावाच्या फ्रेंच डीजेसारखे लोक कॅसेटवर वाजवू लागले. युरोपातून आलेल्या नव्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांतले शब्द गाळायचे, तालाचे नि वाद्यांचे तुकडे जोडायचे आणि खास नाचासाठी कॅसेट तयार करायच्या, अशी त्यांची रीत होती. वाजवायला सोनीचे ‘वॉकमन प्रोफेशनल’ असायचे. एक मिक्सर आणि दोन वॉकमन एवढ्यावर किनारा सकाळपर्यंत नाचत राहायचा.

पुढे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप आली. सॅन फ्रान्सिस्कोहून 1970मध्ये गोव्यात आलेले गिल्बर्ट लेव्ही, म्हणजेच गोवा गिल, जग सीडी आणि लॅपटॉपवर गेल्यानंतरही कितीतरी वर्षं डॅटवरच वाजवत राहिले. त्यांच्या पार्ट्या चोवीस-चोवीस तास चालत. 2023मध्ये त्यांचं निधन झालं. डॅटवर गाण्याचा वेग सहज बदलता येत नसे, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवणं अवघड होतं. एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत विरघळवायचा, एवढंच हातात होतं. गोवा ट्रान्सच्या गाण्यांना लांबलचक, ठोका नसलेली सुरुवात आणि तसाच शेवट असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. यंत्राच्या मर्यादेने संगीताची घडण बदलली.

आज हातातल्या फोनवर डीजेगिरी करणाऱ्यांकडे ‘हे काही खरं डीजेइंग नव्हे’ अशा नजरेने पाहिलं जातं. हा इतिहास ठाऊक असेल तर ती नजर टिकत नाही. खिशात मावणाऱ्या यंत्रावर शेकडो लोकांना नाचवणं टचस्क्रीनच्या दोन दशकं आधीच आपल्या शेजारी घडून गेलेलं आहे. प्रश्न यंत्राच्या आकाराचा नव्हताच. डीजेला काय काय करावं लागतं आणि त्यातलं किती त्या यंत्राला जमतं, एवढाच तो आहे.

ठोक्यावर ठोका जुळवणाऱ्या डीजेला तीन गोष्टी लागतात. दोन गाणी एकाच वेळी हाताशी हवीत, प्रत्येकाचा वेग बदलता यायला हवा, आणि पुढचं गाणं सभागृहाला ऐकू न जाता स्वतःला हेडफोनवर ऐकता यायला हवं. जपानच्या मात्सुशिता कंपनीने 1972मध्ये आणलेल्या टेक्निक्स एसएल-1200 या टर्नटेबलने वेगाची बाजू सांभाळली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी कूल हर्क यांनी एका इमारतीच्या सामायिक खोलीत बहिणीसाठी पार्टी वाजवली, तीच हिप-हॉपची जन्मवेळ मानली जाते. दोन टर्नटेबल, मध्ये मिक्सर आणि कानावर हेडफोन ही मांडणी तिथून पुढे पक्की होत गेली.

ऑक्टोबर 2001मध्ये आयपॉड आला तेव्हा त्याच्या पाच जीबीत हजार गाणी मावत. न्यूयॉर्कच्या एपीटी या क्लबमध्ये ‘अँड्र्यू अँड्र्यू’ नावाच्या जोडीने लवकरच आयपॉडच्या रात्री सुरू केल्या. येणाऱ्याने आपला नंबर लावायचा आणि काही मिनिटांसाठी डीजे व्हायचं. त्यात निवडीचा आनंद होता, पण वेग बदलायची सोय नव्हती. ती उणीव ‘पेसमेकर’ने भरून काढली. टोनियम या स्वीडिश कंपनीने 2008मध्ये आणलेलं हे यंत्र हातात मावायचं. त्यात 120 जीबीची डिस्क होती, दोन गाणी एकत्र वाजत आणि हेडफोनची वेगळी सोयही होती. डीजेसाठीच घडवलेलं हे खिशातलं पहिलं पुरं यंत्र म्हणता येईल. पण त्याच वर्षी, जुलै 2008मध्ये, ॲपलने ॲप स्टोअर उघडलं आणि एकाच कामाच्या यंत्राचे दिवस भरले. जे पेसमेकर करतो ते फोन करू शकणार असेल, तर दुसरं यंत्र कोण विकत घेईल?

म्युनिकच्या अल्गोरिदिम कंपनीचं ‘डीजे’ हे ॲप डिसेंबर 2010मध्ये आयपॅडवर आणि पुढच्या वर्षी आयफोनवर आलं. काचेवर दोन तबकड्या फिरताना दिसू लागल्या. बोटाने थांबवल्या की थांबतात, मागे ओढल्या की मागे जातात. गाण्याचा ठोका, म्हणजे बीपीएम, ॲपच मोजतं. एक बटण दाबलं की दोन्ही गाणी एका वेगावर येतात आणि वेग बदलला तरी सूर चढत-उतरत नाही. 2020मध्ये त्याच कंपनीने ‘न्यूरल मिक्स’ आणलं. त्यात गाणं चालू असतानाच गायकाचा आवाज, ताल आणि बाकीची वाद्यं वेगळी काढता येतात. लॉराँच्या पिढीने टेप कापून केलेलं काम आता बोटाच्या एका हालचालीवर आलं.

पहिली अडचण कानाची आहे. फोनला बाहेर जाणारी वाट एकच, आणि डीजेला दोन हव्या असतात. यावर निघालेला तोडगा साधा आहे. हेडफोनच्या जॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन मार्ग असतातच. डावा मार्ग हॉलच्या मिक्सरकडे द्यायचा, उजवा स्वतःच्या कानाकडे. ॲपमध्ये तशी सेटिंग असते आणि ग्रिफिन कंपनीने त्यासाठी दोन शेपट्यांची खास केबलही काढली होती. किंमत एकच मोजावी लागते. हॉलमध्ये स्टिरिओ जाऊन मोनो उरतो.

पण नाचाचे काही प्रकार असे आहेत, जिथे या मोनोने काहीच बिघडत नाही. आर्जेंटिनाच्या टँगोचा सुवर्णकाळ साधारण 1935 ते 1955 असा धरतात. हुआन दारिएन्सो, कार्लोस दि सार्ली, ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदांची त्या काळातली मुद्रणं मुळातच मोनो आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये जन्मलेल्या लिंडी हॉप या जोडीनाचासाठी आजही वाजणारी 1930-40मधली स्विंगची मुद्रणंही तशीच. शिवाय या दोन्ही नाचांत ठोक्यावर ठोका जुळवत नाहीत, गाणं पूर्ण वाजवतात. टँगोच्या मिलाँगामध्ये, म्हणजे नाचाच्या रात्री, एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग वाजतात, त्या गुच्छाला तांदा म्हणतात. मग कोर्तिना, म्हणजे वेगळ्याच संगीताचा अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा वाजतो. तेवढ्यात जोड्या सुटतात, लोक जागेवर जातात आणि पुढच्या तांदासाठी नवा जोडीदार नजरेने शोधतात. इथे डीजेचं सगळं कसब क्रमात असतं. दारिएन्सोच्या ठसक्यानंतर पुग्लिएसेची गंभीर गाणी केव्हा आणायची, दमलेल्यांना कधी सावरू द्यायचं, हे ओळखण्यात. कोर्तिना हळूच मिटवायला बोटाची एक सरक पुरते. त्यामुळे अशा नाचांसाठी फोन हा नाइलाजाचा पर्याय नाही, तो अगदी योग्य पर्याय आहे. पुण्या-मुंबईत साल्सा, बचाटा आणि स्विंगच्या ज्या ‘सोशल’ रात्री भरतात, त्यांनाही हे बऱ्याच अंशी लागू पडतं, कारण तिथेही जोडी गाणं संपेपर्यंत नाचते.

ब्लूटूथवर मात्र भरवसा ठेवू नये. 120 बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. म्हणजे कानात ऐकू येणारा ठोका हॉलमधल्या ठोक्यापासून चांगलाच घसरलेला असतो, आणि त्यावर विसंबून दुसरं गाणं जुळवणारा नक्की चुकतो. तारेचाच हेडफोन हवा. 2016च्या आयफोन 7पासून फोनवरून जॅकच गायब होऊ लागला, तेव्हापासून चार चॅनेलचा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस जवळ ठेवणं हा चांगला मार्ग. त्यातून हॉलसाठी एक आणि कानासाठी एक असे दोन पूर्ण स्टिरिओ मार्ग मिळतात. फोन चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घूं असा जो आवाज येतो, त्यावर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे थेट वीजजोड तोडून फक्त ध्वनिसंकेत पुढे पाठवणारी छोटी पेटी, घालणं हा साउंडवाल्यांचा नेहमीचा उपाय.

कानाची अडचण अशी सुटते. डोळ्यांची सुटत नाही, आणि या सगळ्या प्रकारातली सर्वांत मोठी उणीव तीच आहे. मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, न पाहता सापडतो. त्याला उंचवटा असतो, खाच असते, बोटाला त्याची जागा कळते. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. म्हणून डीजेची मान खाली जाते. फ्लोअरवर काय चाललंय, कुणाची पावलं मंदावली, कोपऱ्यातली मंडळी खुर्च्यांकडे वळली का, हे त्याला दिसेनासं होतं. ‘टच डीजे’ या सुरुवातीच्या एका ॲपने तर गाण्याच्या लहरींची चित्रं पाहूनच गाणी जुळवा, अशी मांडणी पुढे केली होती. चित्र अचूक असतं यात शंका नाही. पण नाचणाऱ्यांकडे न पाहता वाजवलेला गाण्यांचा संच कितीही अचूक असला तरी अपुराच राहतो.

यावर सर्वांत विचार करायला लावणारं उत्तर अंध डीजेंकडून मिळतं. अल्गोरिदिमच्या ॲपमध्ये आयफोनच्या व्हॉइसओव्हर या सोयीचा नीट आधार आहे. बोट कुठे आहे, कोणतं गाणं लागलं आहे, किती वेळ उरला आहे, हे फोन बोलून सांगतो. ज्या काचेमुळे डोळस माणसाची मान खाली जाते, तीच काच अंध माणूस मान वर ठेवून चालवतो. मग डोळस डीजेलाही ते शिकता येणार नाही का? संच घरीच बांधून ठेवायचा, गाण्यांवर खुणा करून ठेवायच्या, आणि रात्री स्क्रीनकडे फक्त बदलापुरतं पाहायचं. सरावाने हे जमतं.

खिशातल्या यंत्राला साजेशी आणखी एक जागा पुन्हा गोव्यातच सापडते. ध्वनिप्रदूषण नियम 2000प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक सहसा लावता येत नाही. काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर यातूनच हेडफोन पार्ट्या रुजल्या. प्रत्येकाच्या कानावर रेडिओलहरींवर चालणारा हेडफोन, एकाच वेळी दोन-तीन डीजे, आणि प्रत्येक चॅनेलचा दिवा वेगळ्या रंगाचा. बाहेर समुद्राची गाज तेवढी ऐकू येते. इथल्या डीजेला गर्दीचं मत ताबडतोब दिसतं, आपल्या चॅनेलचे लाल दिवे कमी होऊन दुसऱ्याचे हिरवे वाढले की गाणं बदलायची वेळ झाली. ट्रान्समीटरला लागते ती एक साधी ऑक्स केबल. अवाढव्य स्पीकर नाहीत, ॲम्प्लिफायर नाहीत, त्यामुळे फोन इथे तोकडा पडत नाही. त्याच नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंती उभारणाऱ्या आपल्या शहरांनी आणि गावांनी या पार्ट्या एकदा तरी जाऊन पाहाव्यात.

राहिला हक्कांचा मुद्दा. फोनमध्ये गाणं आहे म्हणजे ते चारचौघांत वाजवण्याचा हक्कही आहे, असा समज सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. स्ट्रीमिंगची वर्गणी साधारणपणे वैयक्तिक ऐकण्यापुरती असते. स्पॉटिफायने 2014मध्ये अल्गोरिदिमच्या ॲपला आपली गाणी खुली केली होती. 1 जुलै 2020 रोजी ती वाट बंद झाली आणि तिच्यावर विसंबून असलेल्यांचे संच एका दिवसात रिकामे झाले. गाणी विकत घेऊन फोनच्या साठवणीत ठेवणं हे कायद्याच्या दृष्टीनेही बरं आणि ऐन वेळी नेटवर्क गेलं तरी बरं. जाहीर कार्यक्रमासाठी मात्र परवाना वेगळा घ्यावा लागतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधींना, लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी संबंधित समारंभांना सूट आहे. तिची व्याप्ती किती, यावर वाद चालू आहेत. हॉटेलांनी किंवा हक्कसंस्थांनी लग्नातल्या संगीतासाठी परवानगी मागू नये, असं गोवा सरकारने जानेवारी 2024मध्ये परिपत्रक काढलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. तेव्हा ‘लग्नच तर आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. परवान्याची चौकशी आयोजकाने आधीच करावी, ती डीजेवर ढकलू नये.

एक कंट्रोलर, लॅपटॉप आणि चांगला हेडफोन घ्यायचा म्हणजे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा खर्च. फोन मात्र त्याच्याकडे आधीच असतो. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, पणजीत नाचाच्या रात्री भरवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. हॉल भरण्याआधीचा पहिला तास नवख्या डीजेला द्या. टेबलावर एक डीआय बॉक्स, एक तारेची ऑक्स लाइन आणि सुटा चार्जर तयार ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला त्याला आठवणीने सांगा, म्हणजे ऐन गाण्यात कुणाचा कॉल येणार नाही. आणि टेबल असं लावा, की मान वर केली की समोर नाचणारी माणसं दिसतील.