खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील उपद्रवी समुद्रपुष्पे

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास हायड्राचा परिचय पदवीच्या पहिल्याच वर्गांत होतो. गोड्या पाण्यातील ह्या इवल्या प्राण्याचे तुकडे केले असता त्यांपासून पुन्हा पूर्ण हायड्रे निर्माण होतात, हे अब्राहम ट्रेंब्ले ह्या निसर्गसंशोधकाने १७४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्राच्या ह्या पुनर्जननशक्तीचा अभ्यास झालेला आहे. परीक्षेतील उत्तरापुरते ध्यानात ठेवलेले हे तत्त्व प्रवाळांच्या मत्स्यालयात मात्र एका बिकट प्रश्नाचे रूप घेते. हायड्राचा दूरचा आप्त असलेले एक समुद्रपुष्प काचपेटीत शिरते, आणि त्यास उपटून काढण्याचा बहुतेक प्रत्येक प्रयत्न त्याची संख्या वाढवितो. असे का घडते व त्यावर कोणते उपाय योजावेत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राण्याचा परिचय

ह्या समुद्रपुष्पाचे प्रचलित शास्त्रीय नाव एप्टेशिया होय. वर्गीकरणाच्या फेरतपासणीनंतर २०१४ साली त्याच्या जगभर पसरलेल्या जातीस एग्झायप्टेशिया ह्या नव्या प्रजातीत स्थान देण्यात आले. तथापि जुने नावच अद्याप रूढ आहे. शरीर बारीक देठासारखे व अर्धपारदर्शक असून उंची सामान्यतः काही सेंटिमीटरच असते. माथ्यावर लांब, निमुळत्या संस्पर्शकांचे वलय असते. त्याचा तपकिरी रंग वस्तुतः त्याच्या ऊतकांत राहणाऱ्या एककोशिक शैवलांचा होय. ही शैवले प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. प्रवाळांचे जीवनही अशाच सहजीवनावर अवलंबून असते. त्यामुळे प्रवाळांसाठी लावलेल्या प्रखर दिव्यांचा लाभ ह्या अनाहूत पाहुण्यासही तितकाच मिळतो.

संस्पर्शकांवरील दंशकोशिकांनी हा प्राणी शेजारच्या प्रवाळांस इजा करतो. त्यास डिवचले असता शरीरभित्तीतील सूक्ष्म छिद्रांवाटे दंशकोशिकांनी भरलेले पांढरे तंतू तो बाहेर फेकतो. दंशाने प्रवाळ आखडतात, त्यांचे ऊतक झडते, आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर नवी समुद्रपुष्पे ठाण मांडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा समावेश आहे. त्यामुळे मेलेल्या प्रवाळाच्या जागी मालवणच्या खडकांवरून दुसरा आणून लावावा, हा मार्ग मोकळा नाही. जे हाती आहे ते जतन करणे एवढेच शक्य असते.

प्रसाराची रीत

समुद्रपुष्पाच्या तळाशी चकतीसारखा एक भाग असतो; त्यास पदबिंब म्हणता येईल. त्याच्या योगाने प्राणी खडकास चिकटतो व हळूहळू सरकतो. सरकताना पदबिंबाच्या काठाचे सूक्ष्म तुकडे मागे राहतात, आणि अशा तुकड्यांस अल्पावधीतच तोंड व संस्पर्शक फुटतात. लैंगिक प्रजननही होते. परंतु काचपेटीतील झपाट्याची वाढ मुख्यतः ह्या अलैंगिक रीतीने होते. म्हणून एकच प्राणी सर्व पेटी व्यापण्यास पुरेसा ठरतो.

शेतातील हरळी कुळवाने तोडली असता तिचे तुकडे सर्वत्र पसरतात व प्रत्येक पेरास नवी मुळे फुटतात, हे मराठवाड्यातील शेतकरी जाणतो. समुद्रपुष्प चाकूने खरवडणे वा चिमट्याने ओढणे हा प्रकार त्याहून निराळा नाही. निर्मूलनाचा पहिला नियम यावरूनच निघतो: प्राणी मारावयाचा तर तो सबंध मारावा, अन्यथा त्यास हात लावू नये.

समुद्रापासून दूर असलेली पेटी

छत्रपती संभाजीनगर समुद्रकिनाऱ्यापासून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. येथे समुद्राचे पाणी तयार करावे लागते. जायकवाडी जलाशयातून शहरास मिळणारे पाणी क्लोरीनयुक्त असते, तर बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. यास्तव पाणी प्रथम आर. ओ. यंत्रातून शुद्ध करून, त्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम लवणता येईल इतके संयुक्त समुद्री मीठ मिसळतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने जे उडून जाते ते केवळ पाणी होय. मीठ मागेच राहते. म्हणून तूट खाऱ्या नव्हे, शुद्ध पाण्याने भरून काढावी लागते. इतक्या कष्टाने राखलेल्या पेटीत सर्व पाण्यात विष कालविणे हा उपाय होऊ शकत नाही. ताम्रयुक्त औषधांनी समुद्रपुष्पांबरोबर प्रवाळ व कोळंब्याही मरतात. उपाय स्थानिकच असावयास हवा.

निर्मूलनाचे उपाय

सर्वांत सुलभ उपाय शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे चुन्याचा होय. त्याचा पाण्यात कालविलेला दाट लगदा सिरिंजमध्ये भरावा. पंप बंद करून पाणी स्थिर करावे आणि प्राणी आखडणार नाही अशा बेताने सुई जवळ नेऊन त्याचे तोंड लगद्याने झाकावे. तीव्र अल्कतेमुळे ऊतक जागच्या जागी नष्ट होते. मात्र समुद्राच्या पाण्याचे पीएच मूल्य ८.१ ते ८.४ च्या दरम्यान असावे लागते. एकाच वेळी बरेच प्राणी मारू गेल्यास ते धोकादायक रीतीने वाढते. म्हणून एका दिवशी मोजकेच प्राणी घ्यावेत. कॉस्टिक सोड्याचे द्रावणही परिणामकारक असते. दोन्ही पदार्थ डोळ्यांस व त्वचेस घातक असल्याने चष्मा व हातमोजे अनिवार्य समजावेत.

खडक बाहेर काढून उकळण्याचा मोह अनेकांस होतो. तो कटाक्षाने टाळावा. अशा खडकांवर झोअँथिड गटातील प्राणीही वाढलेले असू शकतात, आणि त्यांच्यापैकी पॅलिथोआसारख्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. उकळण्याने ते वाफेबरोबर हवेत मिसळून घरातील माणसांस गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

फटींतील प्राण्यांपर्यंत सुई पोहोचत नाही. तेथे भक्षकांचे साहाय्य घ्यावे लागते. बर्घिया ही कवचहीन समुद्री गोगलगाय केवळ ह्याच समुद्रपुष्पांवर जगते. भक्ष्य संपताच तिची उपासमार होते, हा तिचा गुणही व मर्यादाही होय. लिस्माटा प्रजातीच्या काही कोळंब्या समुद्रपुष्पे खातात. परंतु त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कोळंब्या प्रवाळांवरच ताव मारतात, म्हणून ओळख पक्की करून घ्यावी. लांब चोचीचा केल्मॉन मासाही उपयोगी पडतो. मात्र बंदिवासात तो अन्न घेईलच असे नाही. हे भक्षक अन्य सागरांतील असू शकतात. काम संपल्यावर त्यांस किंवा पेटीतील खडकांस कोकणच्या किनाऱ्यावर सोडून देणे सर्वथा अनुचित होय.

ह्या सर्वांहून श्रेयस्कर म्हणजे प्रतिबंध. नवा खडक वा प्रवाळ काही आठवडे निराळ्या पेटीत ठेवून भिंगाने तपासावा. माशांस जरुरीपुरतेच अन्न द्यावे. उरलेले अन्न समुद्रपुष्पांच्याच मुखी पडते.

उपद्रव व उपयोग

ज्या गुणांमुळे हा प्राणी मत्स्यालयात नकोसा होतो, त्याच गुणांमुळे तो प्रयोगशाळेत मोलाचा ठरला आहे. तो साध्या काचपात्रात वाढतो, एकाच प्राण्यापासून आनुवंशिक दृष्ट्या समान अशी मोठी संतती मिळते, आणि शैवले काढून टाकली तरी बाहेरून अन्न पुरविल्यास तो जगतो. समुद्र तापल्यावर प्रवाळांतून शैवले का बाहेर पडतात व प्रवाळ पांढरे का होतात, ह्या प्रश्नाचा शोध त्याच्यावर घेतला जातो. सुमारे २६ कोटी आधारजोड्यांचा त्याचा जीनोम २०१५ साली प्रसिद्ध झाला. यास्तव खडकावरील समुद्रपुष्प मारण्यापूर्वी त्याचा एखादा तुकडा स्वतंत्र, बंद पात्रात वाढवून पाहणे अभ्यासकास हितावह होईल. काचपेटीत प्रवाळांचा नाश करणारा हा प्राणी सागरातील प्रवाळांच्या रक्षणास साहाय्यभूत होण्याचा संभव आहे.