ब्रॅडली म्हणजे कोठला?

गिरणी कामगार चळवळीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना बेन ब्रॅडली हे नाव नवे नाही. हा इंग्रज कामगार पुढारी १९२७ साली हिंदुस्थानात आला, मुंबईच्या १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात गिरणगावात वावरला आणि मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पकडला गेला. आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "आपल्या आडनावांना अर्थ असतो, साहेबांच्या नसतो काय?" प्रश्न रास्त होता. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. उत्तर कोशांतून धुंडाळावे लागले.

ब्रॅडली हा दोन जुन्या इंग्रजी शब्दांचा जोड आहे. 'ब्राड' म्हणजे रुंद. त्याचेच पुढे 'ब्रॉड' झाले, पण जोडशब्दात स्वर आखडला आणि 'ब्रॅड' उरले. 'ली' हे मूळचे 'लेआह': आधी रान, मग रान तोडून मोकळी केलेली जागा, पुढे नुसते कुरण. स्टॅनली खडकाळ, ब्रॅडली रुंद. ब्रॅडफर्ड म्हणजे नदीचा रुंद उतार; त्याच गावी जानेवारी १८९३ मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली, हे कामगाराने जाता जाता लक्षात ठेवावे.

आता गंमत पाहा. ब्रॅडलीत राहणाऱ्याला ब्रॅडली म्हणून उपयोग काय? तेथे सारेच ब्रॅडलीचे! जमीनदाराची गोष्ट वेगळी, तो आपल्या मुलखाचेच नाव मिरवी. पण गरिबाला गावाचे नाव चिकटले ते बहुधा गाव सोडल्यावर, परक्या ठिकाणी. कारकून लिहीत, 'जॉन डी ब्रॅडली'. हा 'डी' म्हणजे आपला 'कर'च. आडनाव ऐकून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

१३७७, १३७९ आणि १३८१ या सालांत इंग्लंडात डोईपट्टी बसली. तिसऱ्या पट्टीपायी शेतकऱ्यांचे बंड पेटले. त्या याद्यांत अशी गावनावे भरपूर आहेत, आणि कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेली. कारकुनाची लेखणी काय करते ते मी जाणतो. आमच्या एका कंत्राटी कामगाराचे आडनाव हजेरीपत्रकावर एक आणि आधार कार्डावर दुसरे; भविष्यनिर्वाह निधीचे त्याचे पैसे अकरा महिने अडकले. चूक एका अक्षराची, उपास मात्र घरच्या पाच माणसांना.

तरी दोन ब्रॅडली भेटले म्हणून ते भाऊबंद समजू नयेत. या नावाची गावे डर्बीशायर, लिंकनशायर, स्टॅफर्डशायर, यॉर्कशायर अशी विखुरलेली आहेत. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीतही एकाहून अधिक सापडतात. उत्तर आयर्लंडात तर पुष्कळांचे मूळ आडनाव ओ ब्रोल्खान. इंग्रजी अमलात त्याचे ब्रॅडली झाले. त्यांचा रानाशी वा कुरणाशी काही संबंध नाही. एखाद्या ब्रॅडलीचे मूळ गाव कोणते, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही. त्यासाठी चर्चची दप्तरे चाळत पिढीपिढीने मागे जावे लागते, आणि ती दप्तरे ठेवण्याचा हुकूमच मुळी १५३८ सालचा.