कोळसा संपल्यावर वरोऱ्याचं काय झालं?

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीसारख्या गावात विहीर कितीही खोल नेली, तरी हाताला लागतो तो काळा पाषाणच. जुन्नर-आंबेगावची सगळी भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग असाच झाकलेला आहे. पूर्वेला वर्धा नदीच्या खोऱ्यात मात्र त्याहून कितीतरी जुने, पंचवीस कोटी वर्षांपलीकडचे गोंडवन थर वर येतात, आणि त्यांत कोळसा आहे. त्यामुळे कोळशाची खाण संपते तेव्हा गावाचं काय होतं, हे पश्चिम महाराष्ट्राला कधी अनुभवावं लागलं नाही. विदर्भाला लागलं, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला सरकारने १८७१ पासून कोळसा काढला. या कोळशासाठीच त्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्याचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. आज दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या वरोऱ्यावरून धडधडत जातात, त्या मार्गाच्या या तुकड्याचं मूळ कोळशात आहे. काझीपेठ-बल्लारशाह जोड १९२९च्या सुमारास पूर्ण झाली आणि आडबाजूचा फाटा मुख्य मार्ग बनला. तोवर वरोऱ्याची खाण बंद होऊन दोन दशकं उलटली होती. ती १९०६ मध्ये बंद पडली, आणि सरकारी खाणकामाचा भर बल्लारपूरकडे गेला.

वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा एक दुर्गुण खाणकामगारांना नीट ठाऊक असतो. हवा लागली की तो आतल्या आत तापतो आणि आपोआप पेटतो. शिवाय भूमिगत खाणीची जुनी रीत अशी, की कोळशाचे खांब राखायचे, मधला कोळसा काढायचा आणि परतताना जमतील तेवढे खांबही काढायचे. मोकळ्या पोकळीत रेती भरली नाही, तर वरची जमीन आज ना उद्या बसते.

वरोऱ्याची खाण बंद पडली त्याच १९०६ साली जॉन लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाच्या आर्क्टिक कोल कंपनीने उत्तर ध्रुवापासून सुमारे तेराशे किलोमीटरवर, स्पिट्सबर्गन बेटावर, बस्तान बसवलं. त्याच्याच नावाचं लाँगइयरब्येन तिथे वसलं. त्याच्याही उत्तरेला किंग्ज बे कंपनीचं न्यू-ऑलेसुंड हे खाणगाव उभं राहिलं. तिथल्या खाणीत ५ नोव्हेंबर १९६२ रोजी स्फोट होऊन २१ कामगार दगावले. कंपनी नॉर्वे सरकारच्या मालकीची होती. संसदेत जाब विचारला गेला, आणि १९६३ मध्ये नॉर्वेचं गेर्हार्डसन सरकार अविश्वास ठरावाने कोसळलं. एका दूरच्या बेटावरच्या कामगारांच्या मृत्यूचा हिशेब थेट पंतप्रधानांकडे मागितला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

न्यू-ऑलेसुंडची खाण कायमची बंद झाली, पण गाव ओस पडू दिलं नाही. तीच सरकारी कंपनी तिथे राहिली आणि घरं, वीज, धक्का संशोधकांच्या कामी आणू लागली. १ जुलै २००८ रोजी तिथेच भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात, वास्को-द-गामाला आहे. लाँगइयरब्येनच्या वीजकेंद्राने २०२३ मध्ये कोळसा सोडून डिझेल घेतलं, आणि २०२५ मध्ये तिथली शेवटची नॉर्वेजियन खाणही बंद झाली. त्याच बेटावरचं सोव्हिएत खाणगाव पिरामिडेन मात्र १९९८ मध्ये रिकामं झालं, ते पुन्हा पहिल्यासारखं वसलं नाही.

इकडे वरोऱ्याचं नाव पुढे महाराष्ट्रभर झालं ते बाबा आमटेंमुळे. ते या गावात वकिली करत, नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि गावाजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. त्याचं श्रेय खाणीच्या मालकाला, म्हणजे त्या वेळच्या सरकारला, जराही जात नाही. खाण बंद झाल्यावर वरोऱ्यासाठी मागे उरली ती रेल्वे, आणि तीही मालाच्या सोयीसाठी आलेली.

म्हणून आज याच कोळसापट्ट्यातल्या घुग्घुसकडे पाहताना काळजी वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली इंग्रजांच्या काळातल्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. ज्या कोळशाने त्यांच्या आज्या-पणज्यांच्या वेळी मुंबईच्या दिशेने गाड्या ओढल्या असतील, त्याची किंमत ही कुटुंबं आता चुकवत आहेत, आणि ती त्यांच्या माथी येणं मला अन्यायाचं वाटतं.

बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झालं, आणि १९७५ पासून या पट्ट्यातल्या बहुतेक खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे, म्हणजे इथल्या बोलीत ‘वेकोलि’कडे, आहेत. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीजकेंद्र याच पट्ट्यात आहे, तेव्हा इथला कोळसा उद्याच संपणार नाही. पण एकेक खाण संपत राहते. भूमिगत खाणी मिटतात, उघड्या, म्हणजे ओपनकास्ट, खाणी वाढतात, आणि ओपनकास्टला माणसं कमी लागतात.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. खाण चालू असतानाच बंदीच्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात भरत जायची, हे त्यांतलं चांगलं कलम. त्या पैशातून खड्डे बुजतात, ढिगाऱ्यांवर झाडं लागतात. वेकोलिने मातीच्या ढिगाऱ्यांतून रेती काढली, खाणीतलं पाणी शेतीला दिलं, हेही खरं आहे. पण कायम नोकरीतल्या कामगाराला बदली मिळते, तशी ठेकेदाराकडच्या कामगाराला मिळत नाही. कॉलनीच्या दारात चहाची टपरी टाकणाऱ्याला, क्वार्टरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईला, ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला तर त्या आराखड्यात फारशी जागा नाही. वर्धा खोऱ्यातल्या प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीखालच्या जुन्या खाणींचे नकाशे वेकोलिकडून मागून घ्यावेत, ते मराठीत लोकांसमोर लावावेत, आणि खाणबंदीच्या रकमेतला ठरावीक वाटा या माणसांच्या नव्या रोजगारासाठी लेखी मागावा. ही मागणी खाण चालू असतानाच करायला हवी. बंद झालेल्या खाणीच्या दारात मागणी ऐकायला कोणी उरत नाही.