विसंगती: नियमात न बसणारी गोष्ट
'अ‍ॅनॉमली' हा शब्द मूळ ग्रीक. 'अन्' म्हणजे नाही, 'होमालोस' म्हणजे सम, सपाट. मराठीत आपण विसंगती म्हणतो. हवामानशास्त्रात सरासरीपेक्षा तापमान किंवा पाऊस किती कमी-जास्त, तो फरक म्हणजे अ‍ॅनॉमली. खगोलशास्त्रात ग्रहाचे कक्षेतले स्थान सांगणाऱ्या कोनालाही हेच नाव आहे.

अशी विसंगती शोधाकडेही नेते. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा त्या फरकावरूनच १८४६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी नेपच्यूनची जागा वर्तवली आणि तो सापडला. बुधाच्या कक्षेतला शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक मात्र असा नवा ग्रह मानूनही सुटला नाही. तो १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांताने उलगडला. म्हणून न जुळणारे निरीक्षण खोडू नये, पुन्हा तपासावे. ते खरेच ठरले, तर नियम तपासायला घ्यावा.