बिनपडद्याच्या बेसची पट्टी

निलंग्याकडं जुनं माळवद उतरवलं की सागवानी तुळया निघतात. वर्षानुवर्षं मातीचा भार पेललेलं, ठणठणीत वाळलेलं लाकूड. फ्रेटलेस बेस गिटारची मान त्यातून खुशाल करावी. मानेवर चिकटवायची बोटपट्टी मात्र सागवानाची नको.

पडद्याच्या गिटारवर तार धातूच्या पडद्यावर टेकते. फ्रेटलेसला पडदाच नाही. बोट दाबलं की तार थेट लाकडावर. मींड घेताना वेटोळ्यांची जाड पोलादी तार पट्टीवर कानशीसारखी फिरते. सागवानात चर पडतात आणि त्या जागी स्वर खरखरतो. बेसवादक जाको पास्टोरियसनं आपल्या पडदे काढलेल्या 1962 च्या जॅझ बेसच्या खाचा बुजवल्या आणि रोझवुडच्या पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा थर दिला, तो यासाठीच. आपल्याकडं रबाबाची लाकडी पट्टी जाऊन सरोदला पोलादी पत्रा आला, तेव्हाही प्रश्न धातूच्या तारेचा आणि लांब मिंडेचाच होता. पडदे तंबोऱ्यालाही नसतात. पण तिथं दांडीवर तार दाबायचीच नसते, म्हणून मिरजेच्या कारागिरांना हलकं तूण चालतं.

जगभर पहिली पसंती आबनुसाला. त्याचाच भाऊबंद, टेंभुर्णी, किनवटच्या रानात आहे. लोक त्याला विडीच्या पानांवरून ओळखतात. गाभा काळाभोर, पण बहुधा बारीक आणि चिरणारा. पट्टीला सव्वादोन फूट लांब, अडीच इंच रुंद सरळ तुकडा लागतो. तो टेंभुर्णीत सापडला तर नशीब. बाभळीचा गाभा बैलगाडीच्या चाकाला पुरून उरतो, तेव्हा एखादी पट्टी करून बघायला हरकत नाही. माझं मत मात्र शिसवाला. घनमीटरला सुमारे 830 किलो भरणारं हे लाकूड सागवानापेक्षा बरंच टणक, आणि आबनुसापेक्षा स्वर किंचित गोड.

नावापेक्षा रेषा बघावी. आरागिरणीत फळीचं टोक ओलं करून पाहा: वाढीच्या रेषा पट्टीच्या तोंडाशी उभ्या असाव्यात, आडव्या नकोत. आडव्या रेषांची फळी पावसाळ्यात फुगून वाकते. मराठवाड्यात मे महिन्यातली कोरड आणि ऑगस्टमधली दमट हवा यांत फरक मोठा, त्यामुळं उन्हाळ्यात घेतलेली फळी लगेच चिकटवण्यात शहाणपण नाही. जाडसर कापून, दोन्ही टोकांना मेण लावून ती सावलीत ठेवावी आणि दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावी. वजन कमी-जास्त व्हायचं थांबलं की रंधा लावायचा.