इंग्रजी लिहायला मदत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकीहून एसटीने बारामती किंवा इंदापूरच्या कॉलेजला येणारी मुलं आपल्या विषयात हुशार असतात. पण इंग्रजीत अर्ज किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायची वेळ आली की त्यांचा हात आखडतो. मदत जवळच असते, पण पुढचे गैरसमज ती मागू देत नाहीत.

गैरसमज: मराठी माध्यमातून आलो, इंग्रजी कच्चंच राहणार.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पाया असतोच. उरलेल्या चुकाही बहुतेक ठरावीक असतात, आणि त्यांचं मूळ मराठीच्या घडणीत सापडतं. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ हे आपल्याकडे खपतं, म्हणून मुलगा ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ लिहितो. इंग्रजीत ‘येस्टरडे’ आलं की ‘आय सॉ हिम’ म्हणावं लागतं. मराठीत ‘अ’, ‘द’ अशी उपपदं नाहीत, म्हणून ती लिहिताना गळतात. ठरावीक चूक एकदा ओळखता आली की सुधारताही येते.

गैरसमज: व्याकरणाचं पुस्तक पाठ केलं की लिहिता येतं.
वस्तुस्थिती: रेन आणि मार्टिन यांचं प्रसिद्ध व्याकरण 1930च्या दशकातलं, मुळात भारतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेलं. त्या मुलांच्या कानावर घरीच इंग्रजी पडत होतं. आपल्याला ते पुस्तक अडलेला नियम पाहायला उपयोगी आहे, पण हात वळतो तो रोज एक परिच्छेद लिहूनच.

गैरसमज: चांगल्या मार्गदर्शनासाठी पुण्याचा क्लासच लावावा लागतो.
वस्तुस्थिती: बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 पासून आहे, विद्या प्रतिष्ठान 1972 पासून, इंदापुरातही कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. आपल्याच कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना विचारायला फी लागत नाही. घरी बसून शिकायचं तर केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं पोर्टल 2017 पासून सुरू आहे. तिथे शिकणं मोफत आहे, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

गैरसमज: मोबाइलमधल्या ॲपने दुरुस्त केलं की काम झालं.
वस्तुस्थिती: ॲप वाक्य सुधारतं, पण तुमच्या मनातलं त्याला कळतंच असं नाही. ‘आय टुक ॲडमिशन इन लास्ट इयर’ हे वाक्य घ्या. त्यातलं ‘इन’ काढलं तर ‘गेल्या वर्षी प्रवेश घेतला’ असा निर्दोष अर्थ निघतो. तुम्हाला मात्र ‘शेवटच्या वर्षाला, टी.वाय.ला’ म्हणायचं असेल, तर तिथे ‘द फायनल इयर’ हवं. ॲपची सूचना जरूर पाहा, पण अर्थ तपासल्याशिवाय स्वीकारू नका.

गैरसमज: लिखाण दुसऱ्याला दाखवणं म्हणजे कॉपी.
वस्तुस्थिती: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून खपवणं हे वाङ्मयचौर्य. आपण लिहिलेलं वाचायला देणं त्यात येत नाही; दुसऱ्याकडून लिहून घेणं मात्र येतं.

म्हणून सरांकडे किंवा मॅडमकडे जाताना अख्खा रिपोर्ट नेऊ नका. स्वतः लिहिलेला एक परिच्छेद न्या आणि सांगा, ‘चुकीखाली फक्त रेघ मारा, दुरुस्त मी करून आणतो.’ रेघेमागचं कारण स्वतः शोधलं की तीच चूक पुढच्या परिच्छेदात तुमची तुम्हालाच दिसायला लागते.