सुरकुत्यांचे इंजेक्शन : आधी चार प्रश्न

घरात लग्नकार्य जवळ आले, की मला हमखास विचारणा होते : "ताई, बोटॉक्स घेऊ का हो?" वेम्बलीत मी केमिस्टच्या दुकानात काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण हे भुवया कोरण्याइतके साधे काम नव्हे. हे प्रिस्क्रिप्शनचे औषध आहे.

बोट्युलिनम जंतूच्या विषाचा अतिसूक्ष्म अंश यात असतो. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश तो अडवतो. स्नायू सैल पडून सुरकुती पुसट होते. परिणाम तीन-चार महिने टिकतो. डोकेदुखी, सूज, काळेनिळे डाग हे त्रास थोड्या दिवसांत जातात. औषध शेजारच्या स्नायूत उतरले, तर पापणी ओघळते आणि पूर्ववत व्हायला काही आठवडेही लागतात. म्हणून समारंभाच्या तोंडावर पहिले इंजेक्शन नकोच.

क्वचित विष अंगात पसरते. इंग्लंडमध्ये ४ जून ते १४ जुलै २०२५ या काळात अशा इंजेक्शनांनंतर बोट्युलिझमचे ३८ रुग्ण नोंदले गेले; तपासात विनापरवाना औषधाचा संबंध आढळला. एकाच्या जागी दोन दिसणे, बोलणे अडखळणे, अंगात शक्ती न राहणे ही लक्षणे चार आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. ती दिसताच १११ ला फोन करावा. गिळता येईना किंवा श्वास अडला, तर थेट ९९९.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस असलेल्यांनी हे टाळावे. अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी देणे इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून गुन्हा आहे.

आधी विचारा :
१. प्रिस्क्रिप्शन देणाऱ्याने मला समोर बसवून तपासले का?
२. औषधाचे नाव काय, त्याला ब्रिटनचा परवाना आहे का? बाटली पाहू द्या.
३. टोचणाऱ्याचे शिक्षण काय, विमा आहे का?
४. रात्री त्रास झाला, तर फोन कोणाला करायचा?

उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर उठून यावे. मुंबईहून बॅगेतून आणलेली स्वस्त बाटलीही नको. अशी बरीच औषधे फ्रिजमध्येच ठेवावी लागतात.

आता हिशेब. एका वेळी शंभर पौंड धरले, तरी वर्षातून तीनदा म्हणजे तीनशे. केवळ सौंदर्यासाठी एन.एच.एस. हा खर्च करत नाही. "आज निम्म्या किमतीत" अशी पाटी दिसली, तर दुसरा प्रश्न आधी विचारा.

त्रास झालाच, तर सरकारच्या यलो कार्ड योजनेत जरूर नोंदवा. आपली नोंद दुसऱ्या कोणाला वाचवू शकते.